अण्णांचं नाव नको, मैदान उघडं ठेवा

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
स्टेशनामागच्या मैदानाचा ताबा असलेलं कार्यालय

विषय : नियोजित टर्फला माझ्या दिवंगत वडिलांचं नाव देण्यास नकार, आणि मैदान पूर्ववत खुलं करण्याची मागणी.

महोदय,

कार्यालयाचं आणि स्टेशनाचं नाव मी वर मुद्दाम लिहिलेलं नाही. आपण पत्र वाचताच ओळखाल, गावाला तर सांगायचीच गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढं पुरे, की पुणे–मिरज मार्गावर सांगली जिल्ह्यातलं एक छोटं स्टेशन आहे, पॅसेंजर थांबते, एक्स्प्रेस धुरळा उडवत जाते, आणि स्टेशनाच्या मागे क्वार्टरच्या भिंतीला लागून एक मैदान आहे. होतं म्हणू का, ते आपल्यावर आहे.

आपल्या कार्यालयाचं पत्र परवा घरी आलं. मैदानाच्या जागी ठेकेदारामार्फत टर्फ, म्हणजे तासावर भाड्यानं मिळणारं प्लास्टिकच्या गवताचं मैदान, उभारायचं ठरलं आहे, आणि ‘माजी कर्मचारी व क्रीडाप्रेमी’ म्हणून माझ्या वडिलांचं नाव त्याला देण्याचा मानस आहे, कुटुंबीयांनी सोबतच्या संमतीपत्रावर सही करून पाठवावी, असा मजकूर. मी आईला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पोरी कुठं खेळायच्या?” पत्रात त्याचं उत्तर नव्हतं. मी पुन्हा वाचून बघितलं, तरी नव्हतं.

आम्ही सही करणार नाही. आई, भाऊ आणि मी, तिघांचा मिळून हा निर्णय आहे. मैदानाबाबत आधी दिलेल्या अर्जांवर आवक-जावकचा शिक्का बसण्यापलीकडे काही झालं नाही, म्हणून या वेळी चार लोकांसमोर लिहिते आहे.

‘क्रीडाप्रेमी’ हा शब्द टीव्हीसमोर बसून मॅच बघणाऱ्यालाही चालतो. ज्या माणसाचं नाव आपण पाटीवर लिहायला निघालात तो कोण होता, हे आपल्याला माहीत असावं. आपली बदली होऊन इथे यायच्या आधीच अण्णा निवृत्त झाले होते, त्यामुळे माहिती नसणं साहजिक आहे.

अण्णा ट्रॅकमन. आम्ही लहान होतो तेव्हा सगळे गँगमनच म्हणायचे, नंतर कागदावर ट्रॅक मेंटेनर झालं, काम तेच राहिलं. आमचे आजोबाही याच लाईनीवर, पण रोजंदारीनं. मीटरगेज काढून ब्रॉडगेज टाकायचं काम १९७१ च्या सुमारास पुरं झालं, त्या कामावर त्यांनी खडी वाहिली. अण्णांना कायम नोकरी लागली तेव्हा घरात पेढे वाटले होते म्हणे. पहिली काही वर्षं रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये गेली, पुढे बराच काळ ते चावीवाले होते. उजाडलं की खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरव्या झेंड्या आणि धोका दिसला तर गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके, असं निघायचं आणि आपल्या हद्दीतली लाईन पायी तपासायची. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. सुटलेली क्लिप ठोकून बसवायची, सांध्याचे बोल्ट बघायचे. उन्हाळ्यात रूळ तापून वाढतो आणि लाईन सरकायची भीती असते, म्हणून भर दुपारची गस्त. थंडीत तोच रूळ आकसतो आणि सांध्यावर तडकू शकतो, म्हणून रात्रीची. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी चढलं की पुलांवर लक्ष. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निवांत झोपून मुंबईला पोचलेल्या लोकांना हे कधी कळायचं कारण नाही, आणि अण्णांना त्याचं काही वाटायचंही नाही.

आता मैदान कसं झालं ते सांगते, कारण माझी मुख्य तक्रार त्यातूनच येते. क्वार्टरमधली आणि मागच्या वस्तीतली पोरं तेव्हा लाईनीच्या पलीकडे पडीक रानात खेळायची. जाता-येता रूळ ओलांडायची. चेंडू खडीत आला की मागं-पुढं न बघता धावायची. अण्णांनी नोकरीत रुळावर काय काय बघितलं असेल ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही, पण पोरगं रुळावर दिसलं की त्यांचा आवाज फाटायचा. रागावून पोरं ऐकत नाहीत, हेही त्यांना कळत होतं. मग त्यांनी आणि गँगमधल्या त्यांच्या सोबत्यांनी अलीकडच्या बाजूची बाभळीची झुडपं तोडली, दगड वेचले, माती चाळून पसरली, पाणी मारून दाबली. त्या वेळच्या साहेबांना तोंडी विचारलं होतं. साहेब म्हणाले, पोरं लाईनीपासून लांब राहणार असतील तर माझी काय हरकत आहे. ही तोंडी परवानगी आज कागदावर दाखवता येणार नाही, हे मला मान्य आहे. जागेची मालकी आमची नाही, तसा दावाही नाही. मी एवढंच सांगते, की हे मैदान हौसेपोटी झालेलं नाही. पोरं गाडीखाली येऊ नयेत म्हणून झालं.

सुरुवात खो-खोनं झाली, कारण त्याला दोन खांबांशिवाय काही लागत नाही. कुणीतरी सुचवलं होतं, भंगारात पडलेले रुळाचे तुकडे आणून पुरू, जन्मभर हलणार नाहीत. अण्णा भडकले. रेल्वेचा नट घरी आणायचा नाही हा त्यांचा नियम होता, भंगारातलासुद्धा. त्यांनी बाभळीची लाकडं तासून, काचेनं घासून गुळगुळीत केली, पोरींच्या हातात सल जाऊ नये म्हणून वर चिंध्या फिरवून बघितल्या. चिंधी कुठे अडकली की पुन्हा घासायचं. रेषा मारताना सुतळी ताणायचे, फक्की टाकायचे, आणि मग गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून रेषेकडे बघायचे. रुळाची सरळी गँगमध्ये अशीच बघतात. चार बोटं जरी रेषा सरकलेली दिसली तरी पुसून पुन्हा. आम्हाला खेळायची घाई असायची, त्यांना नसायची.

नंतर कबड्डी आली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी घेतली गेली आणि आपल्याकडे गावोगाव त्याची हवा झाली, तिचा झोत आमच्याकडेही पोचला. मुलींना कबड्डी खेळवायची म्हटल्यावर वस्तीतून कुरबुर झाली. अण्णांनी कुणाशी वाद घातला नाही. पहिल्या दिवशी मला आणि चुलत बहिणीला उतरवलं, आणि तक्रार करणाऱ्यांनाच कडेला खुर्ची टाकून बसवलं. महिनाभरात त्यातल्या दोघांच्या मुली खेळायला लागल्या. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणाल तर ओरडणं कमी, पाय बघणं जास्त. “आगं, खांबाकडं बघ की, माझ्याकडं काय बघतीस?” एवढंच कायम ऐकू यायचं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या पालावरच्या पोरीही यायच्या. हंगाम संपला की जायच्या. त्यांची नावं कुठल्याच संघाच्या यादीत लागत नसत, कारण स्पर्धेच्या वेळी त्या इथे नसायच्या. तरी अण्णा त्यांना राखीव म्हणून बसवून ठेवायचे नाहीत, रोज खेळवायचे. कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

स्पर्धेला जायचं तर गाडीनंच. मला आणि भावाला अण्णांच्या पासवर जाता यायचं. बाकीच्या पोरींची तिकिटं वर्गणीतून निघायची, सगळ्यांची, लहानात लहान पोरीचंही अर्धं तिकीट. टीसी ओळखीचे असायचे, ‘जाऊ द्या हो’ म्हणायचे. अण्णा तिकिटांचा गठ्ठा काढून हातात द्यायचे आणि पंच करूनच घ्यायचे.

घरचं थोडं लिहिते, कारण ते घर सोडून खेळात रमले होते असा कुणाचा समज व्हायला नको. आई बराच काळ आजारी होती. तिला उपचारासाठी मिरजेला न्यायचं, पॅसेंजरनं परत आणायचं, तिला जेवू घालायचं आणि मग शिट्टी गळ्यात घालून मैदानावर, असं त्यांचं चालायचं. भाकरी थापायला ते चाळिशीत शिकले. त्यांच्या भाकरीच्या कडा रुळांचे सांधे जोडणाऱ्या फिशप्लेटीसारख्या जाड असायच्या, आणि आम्ही हसलो की म्हणायचे, तुटत तर नाही ना? आई बरी झाली, आज ती सत्तरीकडे आली आहे. अण्णा मात्र गेल्या वर्षी गेले, झोपेत, कुणाला काही त्रास न देता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरानं आमच्या पट्ट्यात काय झालं ते आपण बातम्यांत बघितलं असेल. मैदान स्टेशनाच्या उंचवट्यावर आहे. खालच्या वस्तीची जनावरं अण्णांनी तिथेच बांधायला लावली. दावणी ठोकण्यासाठी कबड्डीच्या मधोमध खड्डे पाडले गेले तेव्हा आमचीच पोरं कुरकुरली. पाणी ओसरल्यावर शेण काढून, खड्डे बुजवून मैदान पुन्हा करायला पाऊसकाळ सरला. तेव्हा कुठलंही कार्यालय जागा कुणाची म्हणून विचारायला आलं नव्हतं.

आता माझ्या तक्रारी.

मैदानाला तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप लागलं ते कुणालाही न सांगता. नोटीस लागली ती कुलपानंतर, आणि तीही स्टेशनाच्या आतल्या फलकावर. पोरी संध्याकाळी नेहमीप्रमाणे आल्या आणि परत गेल्या. ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ असं नोटिशीत लिहिलं आहे. कुणाची सुरक्षा? कुंपण पडल्यापासून पोरं पुन्हा लाईनीच्या पलीकडे जायला लागली आहेत. हे मी ऐकीव सांगत नाही, शाळा सुटल्यावर स्वतः उभी राहून त्यांना हाकलते आहे. आणि आता पूर्वीसारखी एकच लाईन नाही. दुहेरीकरण झालं, वीज आली. एका बाजूची गाडी गेली म्हणून पाय टाकावा तर दुसऱ्या रुळावर दुसरी असते, आणि विजेच्या इंजिनाचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही. अण्णांनी ज्या भीतीपोटी मैदान केलं ती आज जास्त खरी आहे. बाकी सगळे मुद्दे आपण बाजूला ठेवलेत तरी चालेल, हा ठेवू नका.

दुसरं, कुंपणाच्या आत खडीचे ढीग आणि रुळाखालचे जुने स्लीपर टाकले आहेत. चाळलेल्या मातीत एकदा खडी मिसळली की ती वेचून काढताना जीव जातो, आणि एक खडा राहिला तरी चढाईत घसरणाऱ्या पोरीचा गुडघा फुटतो. सामान ठेवायला जुना मालधक्का रिकामा पडलेला असताना मैदानच का निवडलं, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

टर्फबद्दल. माझा टर्फला विरोध नाही. भाऊ स्वतः सुट्टीत सांगलीत मित्रांबरोबर टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळतो, मजा येते म्हणतो. कार्यालयाला उत्पन्न हवं, हेही मी समजू शकते. पण तासाला पैसे मोजून, जाळीच्या आत, हिरव्या गालिच्यावर कबड्डी होत नाही. पकडीत पडलं की प्लास्टिकच्या गवतानं कातडी सोलते. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद लागतं, खांब जमिनीत पक्के पुरावे लागतात. कुठला ठेकेदार आपल्या टर्फला भोकं पाडू देईल? आणि पालावरची पोरगी तासाचे पैसे कुठून आणणार? टर्फ चालेल, नक्की चालेल. चारचाकीतून येणाऱ्यांनी चालेल. त्यावर माझ्या वडिलांचं नाव असेल, आणि त्यांनी ज्यांच्यासाठी माती चाळली ती पोरं जाळीच्या बाहेर उभी असतील.

पोलीस भरतीची पोरं या वादात कुणाच्या लक्षात आलेली नाहीत. मुलींना भरतीत ८०० मीटर धावावं लागतं, मुलांना १६००, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. आमच्या भागात भरती हेच पोरांचं मोठं स्वप्न आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मैदानाच्या कडेनं अण्णांनी पळायला पट्टी ठेवली होती. आता ती पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. हंगामात त्याच रस्त्यानं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. घरच्यांनी मुलींना तर पळायला पाठवणंच बंद केलं आहे. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण, नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, या सगळ्या सवलती सरकारनं दिल्या आहेत आणि चांगल्याच आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचा पहिला रस्ता मात्र असल्याच एखाद्या मातीच्या तुकड्यावरून जातो.

आता नावाचं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच आमच्या पट्ट्यातले. १९५२ ला हेलसिंकीला जायला लोकांनी त्यांच्यासाठी पैसे उभे केले, त्यांनी कुस्तीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९८४ ला ते गेले. अर्जुन पुरस्कार २००० साली, मरणोत्तर. आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे माणूस गेल्यावर त्याला मिळणाऱ्या मानाकडे आम्ही जरा संशयानंच बघतो. अण्णा खाशाबा नव्हते. त्यांना कुणी पुरस्कार दिला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही. हयात असताना त्यांनी कार्यालयाकडे फक्त पाण्याचा नळ मागितला होता. तो आला नाही. पोरी घरून कळशी आणायच्या. आणि आता अख्ख्या टर्फवर नाव!

रेल्वेतल्या खेळाडूंचा आपल्याला अभिमान असेलच, मलाही आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातला, आणि तेव्हा रेल्वेत टीसी. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत धावली, तीही रेल्वेकडूनच पुढे आली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही तो जिंकला. त्या रात्री आमच्या वस्तीत फटाके वाजले. ते वाजवणाऱ्यांतल्या काही पोरी आज कुलपाबाहेर आहेत.

तर आमचं म्हणणं असं आहे.

टर्फच्या प्रस्तावातून अण्णांचं नाव काढून टाकावं. तसं लेखी कळवावं. दुसऱ्या कुणाचं नाव द्यायचं असेल तर तो आपला प्रश्न.

मैदानाचं फाटक रोज पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असावं. किल्ली कुणाकडे राहील ते ठरवा. स्टेशनावर ठेवलीत तरी चालेल. जबाबदारी घ्यायला गावातली माणसं तयार आहेत, लिहून देतील.

खडी आणि स्लीपर मालधक्क्याकडे हलवावेत. पावसाच्या आधी, कारण एकदा चिखल झाला की खडी जमिनीत रुतून बसेल. हलवायला माणसं कमी पडत असतील तर आम्ही येऊ, फक्त परवानगी कागदावर द्या. अण्णांच्या वेळची तोंडी परवानगी किती टिकते ते आम्ही बघितलं आहे.

टर्फ करायचंच असेल तर मालधक्क्यालगतच्या मोकळ्या जागेचा विचार करावा. ती रस्त्याला लागून आहे, गाड्या लावायला सोय आहे, ठेकेदारालाही तीच सोयीची पडेल.

मैदान आणि लाईन यांच्यामध्ये मात्र कुंपण जरूर घाला. उंच घाला. आत्ताचं कुंपण वस्तीच्या बाजूनं आहे आणि लाईनीची बाजू मोकळी आहे, हे नकाशा बघणाऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नाही का?

नळाची मागणी जुनीच आहे, ती पुन्हा करते. मुलींसाठी स्वच्छतागृहही लागेल.

या सगळ्यावर निर्णय घेण्याआधी एक उघडी बैठक घ्यावी, मैदानावरच, ठेकेदारालाही बोलवावं. बैठक संध्याकाळची ठेवू नये. त्या वेळी मुली आमच्या शाळेच्या पटांगणात सरावाला असतात, आणि त्यांचं म्हणणं आपण ऐकावं अशी माझी इच्छा आहे. रविवारी सकाळी दहाला सगळ्यांना जमेल.

संमतीपत्र कोरंच परत पाठवते आहे.

आपली,
एका चावीवाल्याची मुलगी,
माध्यमिक शाळेतली क्रीडाशिक्षिका
जि. सांगली